नवीन क्लच टाकला आणि पेडल वेगळंच लागतंय? ‘सेट होईल’ कधी खरं आणि कधी नाही

क्लच बदलून गाडी हातात आली की पहिल्या सिग्नलपर्यंतच कळतं, काहीतरी वेगळं आहे. कुणाचं पेडल एकदम हलकं झालेलं असतं, कुणाला पार मॅटला टेकेपर्यंत दाबावं लागतं, कुणाची गाडी उचलताना थरथरते, कुणाची रिव्हर्स टाकताना कर्रर्र करते. गॅरेजला फोन केला की उत्तर ठरलेलं, “साहेब नवीन आहे ना, चालवा थोडी, सेट होईल.” गंमत म्हणजे हे उत्तर बऱ्याचदा खरं असतं. पण जेव्हा खरं नसतं तेव्हा तुम्ही महिनाभर वाट बघता आणि तेवढ्यात नवीन प्लेटची वाट लागते. म्हणून नवीन क्लचमध्ये काय आपोआप बसतं आणि काय कधीच बसत नाही, एवढं कळलं तरी पुरे.

आत काय चालतं ते पटकन बघू. इंजिनच्या मागे फ्लायव्हील, त्याला टेकलेली क्लच प्लेट, आणि त्या प्लेटला मागून दाबून धरणारी प्रेशर प्लेट. प्रेशर प्लेटमध्ये स्टीलची डायफ्रॅम स्प्रिंग असते, दिसायला उथळ ताटलीसारखी, तिला मधल्या भोकापासून चिरा पाडलेल्या असतात आणि त्या पट्ट्यांना गॅरेजमध्ये फिंगर म्हणतात. तुम्ही पेडल दाबलं की केबल किंवा ऑइल फोर्कला हलवतं, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग फिंगर दाबतं, त्यामुळे स्प्रिंगची बाहेरची कड उचलली जाते, प्रेशर प्लेट सुटते आणि क्लच प्लेट मोकळी होते. पायाला जे लागतं ते ह्या अख्ख्या साखळीचं मिळून लागतं, त्यामुळे पेडल बिघडलं म्हणजे क्लच प्लेटच खराब असं नसतं, उलट नवीन काम झाल्यावर प्लेट सोडून बाकीच्यांपैकीच कुणीतरी त्रास देत असण्याची शक्यता जास्त.

आता मुद्द्याची गोष्ट. जुनी प्लेट झिजते तसतशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या दिशेने सरकते आणि फिंगर उलट्या दिशेने, म्हणजे बेअरिंगकडे, बाहेर येतात. ह्या स्प्रिंगचा स्वभाव असा की थोडी झिजलेली प्लेट असली की तिला दाबायला जोर जास्त लागतो. म्हणून जुना क्लच हळूहळू जड होत जातो आणि पेडल सोडताना वर-वर पकडायला लागतो, आणि हे इतकं हळू होतं की आपल्या पायाला तीच सवय होऊन जाते. नवीन प्लेट जाड, फिंगर परत आत गेलेल्या, त्यामुळे पेडल हलकं आणि क्लच खाली पकडतो. लोकांना वाटतं काम बिघडलं. बिघडलं नाही, आधीचंच बिघडलेलं होतं! शिवाय नवीन प्लेटच्या दोन फेसिंगच्या, म्हणजे घासून पकडणाऱ्या थरांच्या, मध्ये पातळ लाटेसारख्या पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्या जरा दबतात म्हणून क्लच एका झटक्यात न पकडता हळू पकडतो, जुन्या प्लेटमध्ये त्या चपट्या झालेल्या असतात. तेव्हा हलकं पेडल, खाली पकडणं, पकड थोडी लांबट वाटणं, हे तिन्ही नॉर्मल.

ह्यावरून उलटं पण निघतं, आणि तेच जास्त कामाचं आहे. नवीन क्लच टाकल्यावर पेडल आधीपेक्षा जड झालं असेल तर ते सेट होणार नाही. नवीन स्प्रिंग जुनीपेक्षा हलकीच लागली पाहिजे, त्यामुळे जडपणा कुठूनतरी घासण्यातून येतोय किंवा पार्टच चुकीचा आहे.

पण गॅरेजला परत जायच्या आधी गाडीत बसून, खाली वाकून, पायाखालचं मॅट बघा. हसू नका. ते जाडजूड सेव्हन डी मॅट घातलेलं असतं, क्लच पार खाली जायला लागल्यावर पेडल मॅटला टेकतं आणि शेवटचा इंचभर स्ट्रोक मिळतच नाही. आधीचा क्लच वर पकडत होता म्हणून तो शेवटचा इंच लागत नव्हता, आता लागतो. मॅट काढून एक चक्कर मारा, रिव्हर्स नीट पडला तर पैसे वाचले.

मॅट नसेल तर पुढचा प्रश्न, गाडी केबलवाली की ऑइलवाली. मारुती ८००, ओम्नी, आल्टो ह्या केबलवाल्या, इनोव्हासारख्या गाड्या हायड्रॉलिक. बॉनेट उघडून गिअरबॉक्सवरच्या फोर्कच्या दांड्याला काळी वायर येऊन नटाने अडकवलेली दिसली तर केबल, आणि छोटा सिलेंडर आणि त्याला पाइप दिसला तर हायड्रॉलिक. काहीच दिसलं नाही, नुसता पाइप बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या घंटेसारख्या कव्हरच्या, आत जाताना दिसला, तर सिलेंडर आतच बेअरिंगसोबत आहे, फोर्डच्या फिगो-फिएस्टात असायचा तसा. त्याच्यावर पुढे येतो.

केबलवाल्या गाडीत नवीन क्लचनंतरची सगळ्यात कॉमन तक्रार म्हणजे केबल ॲडजस्टच केलेली नसणं. जुना क्लच झिजत गेला तसा गॅरेजवाल्याने वेळोवेळी नट फिरवून केबल सैल केलेली असते, नाहीतर प्ले, म्हणजे केबलमधला ढिलेपणा, संपून क्लच स्लिप झाला असता, म्हणजे पकड न धरता घसरला असता. आता नवीन प्लेटमुळे फिंगर बेअरिंगपासून लांब गेल्या, पण नट तिथेच, मग पेडलचा बराच प्रवास नुसता ढिला जातो आणि क्लच पूर्ण सुटत नाही. हाताने पेडल हळू दाबून बघा, सुरुवातीला काहीच जोर न लागता जेवढं खाली जातं तो फ्री प्ले. जुन्या मारुती गाड्यांत तो साधारण १५ ते २५ मिलीमीटर, म्हणजे एक-दीड बोट, आणि खाली गिअरबॉक्सपाशी फोर्कच्या दांड्यावर मोजलात तर २ ते ४ मिलीमीटर. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तो धरा. चारेक बोटं ढिलं जात असेल तर नट आवळायचा, एवढंच काम आहे, पाच मिनिटांचं.

आणि इथेच गिऱ्हाइकं स्वतःचं नुकसान करून घेतात. “मला आधीसारखा वर पकडला पाहिजे” असा हट्ट धरतात, गॅरेजवाला पण वैतागून नट आवळत जातो, पेडल वर पकडायला लागतं, गिऱ्हाईक खूश. पण आता प्ले शून्य, म्हणजे पाय पेडलवर नसतानाही बेअरिंग फिंगरवर दाबून बसलंय आणि इंजिनबरोबर अखंड फिरतंय. जशी प्लेट अजून थोडी झिजेल तशा फिंगर आणखी बाहेर यायला बघतील, त्यांना जागा नाही, मग प्रेशर प्लेट प्लेटला पूर्ण दाबू शकणार नाही आणि नवीन क्लच कात्रजच्या चढावर स्लिप व्हायला लागेल. खाली पकडणारा क्लच चांगला असतो, पायाला आठवडाभरात सवय होते. पहिले काही दिवस नवीन फेसिंग बसताना प्ले थोडा कमी होतो, म्हणून पाचशे-हजार किलोमीटरनंतर तो परत मोजून घ्यायचा, हे मात्र गॅरेजमध्ये कोणी सांगत नाही.

नट बरोबर आहे आणि तरी पेडल जड आहे, तर केबलच बघा. नवीन क्लचला जुनी केबल ही बचत मला कधी कळलेली नाही, गिअरबॉक्स उतरवायच्या मजुरीपुढे केबलची किंमत काहीच नसते. आतली तार एक-एक सुटायला लागली की पेडल खरखरीत लागतं, आणि फिटिंग करताना केबल चुकीच्या बाजूने फिरवली, तीव्र वळण दिलं किंवा सायलेन्सरच्या पाइपाजवळून नेली तर बाहेरचं आवरण वितळून आत तार चिकटते. केबल फोर्कपासून सोडवून नुसती हाताने पुढे-मागे ओढून बघा, अडखळली तर दोषी सापडला. केबल सुटी असताना फोर्कचा दांडा पण हलवून बघा, अडकत असेल तर गोष्ट आतली आहे.

हायड्रॉलिकमध्ये ॲडजस्टमेंट बहुतेक गाड्यांत आपोआप होते, त्यामुळे नवीन-जुन्याचा फरक कमी जाणवतो. एक मजेशीर गोष्ट, ब्रेक पॅड झिजले की डबीतलं ऑइल खाली जातं पण क्लच झिजला की उलट स्लेव्ह सिलेंडरचा, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या छोट्या सिलेंडरचा, पिस्टन मागे ढकलला जाऊन ऑइल थोडं डबीकडे परत येतं. नवीन क्लच बसला की पिस्टन पुढे येतो आणि ऑइल थोडं कमी दिसतं. म्हणजे काम झाल्यावर लेव्हल किंचित उतरली तर लगेच लीकेज समजू नका, टॉपअप करा आणि लक्ष ठेवा. रोज उतरत असेल तर मात्र लीकेज आहेच. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची डबी एकच असते आणि क्लचचा पाइप वरच्या बाजूला काढलेला असतो, मुद्दाम, की ऑइल गेलं तर आधी क्लच जावा आणि ब्रेक राहावा. त्यामुळे क्लच अचानक मेला तर आधी ब्रेक ऑइलची डबी बघायची.

पेडल मऊ, स्पंजसारखं लागतंय, खाली पकडतंय, आणि पाच-सहा वेळा भराभर पंप मारल्यावर एकदम वर येऊन नीट काम करतंय? लाइनमध्ये हवा आहे. हे कधीच सेट होत नाही, कितीही किलोमीटर चालवा. आता हवा आली कुठून, कारण बाहेरचा स्लेव्ह सिलेंडर असलेल्या गाडीत क्लच बदलताना पाइप खोलायची गरजच नसते, दोन बोल्ट काढून सिलेंडर पाइपासकट बाजूला बांधून ठेवला की झालं. पण गिअरबॉक्स खाली असताना कुणीतरी, बहुतेक गाडी ढकलायला आत बसलेला पोऱ्या, सवयीने क्लच दाबतो. समोर फोर्क नाही, अडवायला काही नाही, पिस्टन रबराच्या बुटासकट बाहेर उडतो, ऑइल जमिनीवर. मग तो पुसून परत बसवतात, आणि वाळूचा एक कण सीलला लागला तरी आठ दिवसांनी बुटाखालून ओल दिसायला लागते. बूट बोटाने मागे सारून बघा, आत कोरडं पाहिजे.

एअर काढायला दोन माणसं लागतात. एक आत बसून पेडल दाबून धरतो, दुसरा खाली स्लेव्हवरचं निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, उघडतो, बुडबुड्यांसकट ऑइल येतं, निपल बंद करतो, मग वरचा पाय सोडतो. हा क्रम चुकला, निपल उघडं असताना पाय सुटला, की जेवढी हवा काढली तेवढी परत आत. मधे डबी रिकामी होऊ द्यायची नाही. ऑइल डबीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच, डॉट ३ किंवा डॉट ४. कुणी चुकून पॉवर स्टेअरिंगचं किंवा इंजिनचं ऑइल टाकलं तर आतली रबर सील फुगतात आणि मग पेडलकडचा मास्टर सिलेंडर आणि खालचा स्लेव्ह दोन्ही बदलायची वेळ येते.

दुसरा प्रकार जरा फसवा. पेडल दाबल्यावर छान लागतं, हवा नाही, कुठे लीक नाही, पण सिग्नलला पहिला गिअर टाकून पेडल दाबून धरलं की अर्ध्या-एक मिनिटात गाडी आपोआप पुढे सरकायला बघते किंवा पेडल हळूहळू खाली बसत जातं. हा मास्टर सिलेंडर. आतलं सील झिजलेलं असतं आणि ऑइल बाहेर न येता सीलच्या बाजूने मागे निसटतं. बाहेर गळत असेल तर ते गाडीच्या आत, पेडलच्या वरून खाली कारपेटवर येतं, तिथे हात घालून बघा. नवीन क्लचनेच मास्टर खराब केला असं गिऱ्हाइकाला वाटतं पण बऱ्याचदा तो आधीपासूनच जायच्या मार्गावर असतो.

बेल हाउसिंगच्या आतल्या सिलेंडरची गोष्ट वेगळी आहे. तिथे गिअरबॉक्स उतरवताना पाइप सोडवावाच लागतो, म्हणजे नंतर एअर काढणं आलंच, आणि घाईत नीट काढलेली नसते. आणखी एक, गिअरबॉक्स चढवायच्या आधी टेस्ट म्हणून पेडल मारलं तर त्या सिलेंडरचा पिस्टन मर्यादेबाहेर जाऊन सील कायमचं बिघडू शकतं. हा सिलेंडर गेला की पुन्हा पूर्ण गिअरबॉक्स खाली, त्यामुळे क्लच करताना तो नवीन टाकायलाच हवा, इथे काटकसर करणारा दुप्पट मजुरी भरतो.

इथपर्यंत सगळं बाहेरून तपासता येतं, आणि माझं आग्रहाचं सांगणं एवढंच की हे सगळं झाल्याशिवाय गिअरबॉक्स परत उतरवू देऊ नका. आता आतलं.

आधी ठरवा की क्लच सुटत नाहीये की पकडत नाहीये, दोन्हीची कारणं वेगळी. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू असताना अडतात, तर क्लच सुटत नाहीये. खात्रीसाठी सपाट मोकळ्या जागेत, न्यूट्रलमध्ये, इंजिन आयडलला, क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअरची गती जुळवून घेणारी रिंग, नसतो म्हणून आतला शाफ्ट जरा जरी फिरत असेल तरी तो लगेच ओरडतो. लगेच टाकल्यावर ओरडणं वेगळं, शाफ्टला थांबायला वेळ लागतोच, पण चार सेकंदांनंतरही कर्रर्र झालं तर क्लच ओढतोय, म्हणजे पूर्ण सुटत नाहीये. पकडत नसेल तर वरच्या गिअरमध्ये, कमी स्पीडला, चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम उडतो आणि गाडी मागे राहते. ही टेस्ट एकदाच करा, हौस म्हणून पाचदा नको, नवीन फेसिंग जळतं.

केबल, ऑइल, मॅट सगळं बरोबर असून क्लच सुटत नसेल तर माझा पहिला संशय प्लेट उलटी बसल्यावर. प्लेटच्या एका बाजूला मधला भाग जास्त बाहेर आलेला असतो, ती बाजू गिअरबॉक्सकडे, बहुतेक प्लेटवर तसं छापलेलंही असतं, पण संध्याकाळी साडेसातला, एका बल्बच्या उजेडात, छापलेलं कोण वाचतं. दुसरा संशय वाकलेल्या प्लेटवर. मोठ्या वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्स जॅकवर चढवतात, रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये दोघंजण छातीवर घेऊन चढवतात, शाफ्ट प्लेटच्या दात्यांत घुसला की ‘थांब, बोल्ट शोधतो’ म्हणून एकजण हात काढतो, आणि तीस-चाळीस किलोचा गिअरबॉक्स काही क्षण त्या प्लेटच्या मधल्या भागावर लोंबकळतो. प्लेट तेवढ्याने वाकते. डोळ्याला दिसत नाही, पण फिरताना डोलते आणि पेडल पूर्ण दाबूनही कुठेतरी घासत राहते.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे-थोडे आवळायचे असतात. एका बाजूचे आधी करकचून आवळले की कव्हर वाकतं, फिंगर वर-खाली होतात आणि पेडलला धडधड लागते. डिझेल गाड्यांत स्वतः ॲडजस्ट होणारी प्रेशर प्लेट असेल तर ह्या चुकीने तिची आतली रिंग भलत्याच जागी सरकते आणि पेडल पहिल्या दिवसापासून विचित्र लागतं. फ्लायव्हीलला लेथवर जास्त कट मारला असेल तर अख्खा क्लच तेवढा इंजिनकडे सरकतो, साध्या फोर्कवाल्या गाडीत बेअरिंगचा प्रवास कमी पडतो. आणि ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे मध्ये स्प्रिंग असलेलं दोन भागांचं, असेल तर लेथवाल्याकडे न्यायचंच नाही.

गाडी उचलताना थरथरते ही तक्रार मात्र दोन्हीकडची. नवीन फेसिंग आणि फ्लायव्हील एकमेकांवर पूर्ण टेकायला शहरात चालवलेले चारशे-पाचशे किलोमीटर जातात, तोवर थोडी थरथर, पहिल्या दिवशी थोडा वास, चालतं, आणि त्या काळात घाटात हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची नाही. थरथर दर आठवड्याला कमी होतेय तर ‘सेट होईल’ खरं. तशीच आहे किंवा वाढतेय तर नाही. तेव्हा आधी इंजिन-गिअरबॉक्सचे माउंटिंग बघा, गिअरबॉक्स उतरवताना ते सोडलेले असतात आणि एखादा बोल्ट हातानेच फिरवून राहिलेला असतो. माउंटिंग घट्ट असतील तर फेसिंगला तेल लागलंय. एकतर क्रँकचं मागचं ऑइल सील जुनंच ठेवलं, किंवा दात्यांना ग्रीस भरभरून लावलं आणि ते फिरताना उडून प्लेटवर गेलं, किंवा नवीन प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून कंपनीने लावलेला तेलाचा थर पुसलाच नाही.

आवाजाचं सोपं आहे. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होते तर रिलीज बेअरिंग, पेडल सोडल्यावर न्यूट्रलमध्ये घरघर आणि दाबल्यावर गायब तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग, ज्याचा नवीन क्लचशी संबंध नाही. दाबताना जुन्या दरवाजासारखं करकर करतं ते फोर्कच्या टेकूवर ग्रीस नसल्यामुळे, आणि पेडल टप्प्याटप्प्याने अडखळत खाली जातं ते बेअरिंग ज्या नळीवर सरकतं ती खरवडलेली असल्यामुळे. ती नळी सहसा कुणी बघत नाही, नवीन बेअरिंग तिच्यावरच चढवतात.

एवढं सगळं करून गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवायची वेळ आलीच तर त्या वेळी तिथे हजर राहा आणि प्लेट पुसायच्या आधी फोटो काढा. प्लेटच्या मधल्या भागावर गोल चकचकीत खरवडलेली खूण असेल तर ती फ्लायव्हीलच्या बोल्टला घासत होती, म्हणजे उलटी बसवली होती. फेसिंगवर बाहेरच्या कडेकडे काळे ओले पट्टे असतील तर ग्रीस किंवा ऑइल सील, आणि बेल हाउसिंगचा तळ इंजिनच्या बाजूने ओला आहे की गिअरबॉक्सच्या बाजूने, त्यावरून कुठलं सील ते कळतं. फिंगरच्या टोकांवर बेअरिंगने पाडलेली रेघ सगळीकडे सारखी नसून एका बाजूला खोल असेल तर कव्हर वाकडं आवळलंय. ह्या तिन्हीपैकी काही दिसलं तर दुसऱ्या वेळची मजुरी कुणी भरायची ह्याचं बोलणं तिथेच, प्लेट हातात असतानाच करून घ्या.